पंखातली चार बोटं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, ती शेवटच्या आजारात असतानाही नाही. आता तुम्हाला सांगायला बसलोय, तर आधी दाराची कडी बघून आलो. घरात मी एकटा, ऐकणार कोण? पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझी पाठ सोडत नाही.

हैदराबाद राज्य मोडून भाषेप्रमाणे तीन वाटे झाले, तेव्हाची गोष्ट. मुलखासारखी खात्यांचीही वाटणी चालली होती. सरकारी खनिज खात्याच्या छोट्या संग्रहालयात आम्ही दोघे चित्रकार होतो – मी आणि रामभाऊ वाघमारे. दोघेही मराठी. मी हैदराबादेतल्याच गौलीगुड्याचा, बाप-आजा इथल्याच कचेऱ्यांत झिजलेले, रामभाऊ नांदेडकडचा. एक जण इथं राहणार, दुसरा औरंगाबादला जाणार, एवढं कळलं होतं. कोण, ते साहेब ठरवणार होते. मला झोप येईना. इथं आजोबांचं नाव सांगितलं की बसायला खुर्ची मिळे. तिकडे मला कोण विचारणार? राहायचं रामभाऊलाही होतं. त्याची बायको कमल कोठीच्या दवाखान्यात नर्सचं शिक्षण घेत होती. त्यांच्या घराण्यात एवढी शिकणारी पहिलीच बाई. हे मला ठाऊक होतं – आधीच सांगून ठेवतो.

भिंतीवर टेरोसॉर रंगवायचा होता. डायनोसॉरच्या काळातला, पाखरासारखा उडणारा पण सरड्या-सुसरींच्या गोतातला प्राणी. आमची रीत अशी, की हाडांच्या रेघा रामभाऊनं मारायच्या, कातडी आणि रंग माझे. सही कुणाचीच नसे. पण त्या दसऱ्याला रामभाऊ नागपूरला गेला – कशाला, ते तुम्हाला सांगायला नको. रजा मिळाली नव्हती. "सांभाळून घ्या, पंत," एवढंच म्हणाला. मी घेतलं. त्याच्या वाटच्या रेघाही मीच मारल्या.

समोर काय होतं? विलायती पुस्तकातला सांगाड्याचा एक धूसर फोटो. तीन बोटं आखूड, नखांची. चौथं मात्र लांबच लांब, आणि अख्खा पंख त्या एकट्यावर. एका बोटावर पंख? मला वाटलं, फोटोत काहीतरी पुसलं गेलंय. असं काढलं तर लोक हसतील. आवारातल्या चिंचेवर वटवाघळं लटकत, त्यांच्या पंखात चार बोटं असतात. मीही चारही बोटं लांबवून पंखात घातली, छत्रीच्या काड्यांसारखी. प्राणी असा भयानक उतरला, की शाळेची पोरं बघून किंचाळायची. मी खूश होतो.

मग एक परदेशी विद्वान आले. चित्रापुढे उभे राहिले आणि मोठ्यानं हसले – हे तर वटवाघूळ! टेरोसॉरचा पंख खरंच एकाच बोटावर असतो! साहेबांचा चेहरा काळवंडला. पाहुण्यांची मोटार फाटकाबाहेर पडताच त्यांनी विचारलं, "ये हड्ड्यां कौन बनाया?" आणि उत्तराला न थांबता रामभाऊवर तोंड टाकलं. हाडं त्याचीच असायची ना! रामभाऊनं माझ्याकडे पाहिलं. मी मूग गिळून उभा.

इतकंच असतं, तर? मी मनाची समजूत घालत आलो – बोललो असतो तर रामभाऊची बिनरजेची गैरहजेरी उघडी पडली असती. म्हणजे मी त्याचं गुपितच राखलं. सोयीचं आहे, नाही? पण खरी गोष्ट यापुढची आहे.

संध्याकाळी आम्ही नळावर ब्रश धूत होतो. तो हळूच म्हणाला, "रेघा तुमच्या हायेत ना, पंत? उद्या सायबाला सांगा. कमलचं एकच वर्ष ऱ्हायलंय." रागावला नव्हता. मागत होता. माझा आवाज अगदी शांत निघाला.

"सांगतो की. पण मग नागपूरचंही निघेल, वाघमारे. रजेशिवाय गेलात, आणि कशासाठी गेलात तेही. नोकरी तरी राहील का?"

दीक्षेच्या ज्या दिवसाबद्दल बोलताना त्याचा चेहरा उजळायचा, त्याच दिवसाची मी त्याला धमकी दिली. घाबरून? हो, घाबरून. पण धमकीच दिली.

त्यानं नळ बंद केला. "बरं," म्हणाला.

औरंगाबाद त्याच्या वाट्याला आलं. कमल शिक्षण अर्धवट सोडून, पोरं घेऊन त्याच्यामागे निघाली. मी काचीगुड्याच्या स्टेशनवर निरोपाला गेलो – न जाऊन कसं चालेल, लोक काय म्हणतील? कमल खिडकीतून हसून म्हणाली, "भावजी, तुमचे लई उपकार हायेत आमच्यावर. एकदा तिकडं या." त्यानं तिला काहीच सांगितलं नव्हतं. रामभाऊ तिच्या शेजारी बसून फलाटाकडे बघत होता, आणि मी त्याच्या तोंडाकडे. आता बोलेल, आता बोलेल, म्हणून मला घाम फुटला होता.

तो बोलला नाही. गाडी सुटली, आणि मला हायसं वाटलं.