आत्याबाईंच्या वाटचं मीठ

मळ्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, उपटत बसले होते, तेव्हा वाशीमच्या दवाखान्यातून दिराचा फोन आला. "वहिनी, आई गेली." मी ताडकन उठले नाही. बसूनच पाय हलवले, पाणी प्यायले, मग सावकाश उभी राहिले... ही शिस्त मला ज्यांनी लावली, त्या माझ्या सासूबाईच गेल्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

लग्न होऊन रिसोडजवळच्या या मळ्यात आले, तेव्हा जरा उभी राहिले की छाती धडधडायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. कुणी अशक्तपणा म्हणे, कुणी नखरे. पोहरादेवीच्या यात्रेत दर्शनाच्या रांगेतच कोसळले, तर बायकांनी अंगात आलं समजून कपाळभर कुंकू फासलं! शुद्धीवर आले तेव्हा एक बाई मला पोराच्या नोकरीचं विचारत होती. आत्याबाईंनी तिथंच नवस बोलला : सून धड उभी राहीपर्यंत दोघींनी मंगळवार धरायचा, अळणी. झालं, मी मंगळवारीच जास्त पडायला लागले.

शेवटी अकोला गाठलं. डॉक्टरबाईंनी मला निजवून नाडी मोजली, मग भिंतीशी उभं करून पुन्हा पुन्हा मोजली. बीपी फारसं उतरलं नाही, ठोके मात्र सुसाट. बाकीच्या तपासण्या झाल्यावर म्हणाल्या, "याला पॉट्स म्हणतात. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं आणि हृदय धावत सुटतं. हे नखरे नाहीत." मला रडूच कोसळलं. भरपूर पाणी, जास्तीचं मीठ, घट्ट मोजे, निजून-बसून करायचे व्यायाम, आणि उपास बंद! आत्याबाईंना स्वतःला बीपी, त्यांना मीठ कमी करायला सांगितलं.

देवीचा नवस मोडायचा म्हणजे! घरी आल्या त्या थेट देव्हाऱ्यापुढे. "माय, इले मीठ लागते. मंगळवार मी दोघींचा करीन, इले सोड." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अन् माह्या वाटचं मीठ बी आता तूच खाय."

तेव्हापासून भाजी अळणीच शिजायची, माझ्या ताटात वरून मीठ. उठायला गेले की ओसरीवरून दम यायचा, "घाई कायले करून राह्यली? पाय हालव आधी!" वाईट दिवस अजूनही येतात. पण पडणं कमी होत गेलं, आणि एका बाजारात मी पाटीभर मेथी उभ्यानं विकून आले. आत्याबाई गल्लीभर सांगत सुटल्या, "माही सून उभी राह्यली वं!" एवढा आनंद त्यांना पोराच्या लग्नातही झाला नसेल.

तेरवीला नणंदेनं माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली. मी मोजे चढवले, तांब्याभर पाणी प्यायले आणि पंगतीत मीठ वाढायला घेतलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, उभ्यानं. आत्याबाईंच्या नावाचं पान वेगळं मांडलं होतं. तिथं मात्र मीठ वाढलं नाही. त्यांच्या वाटचं माझ्या पानात घेतलं, आणि मग जेवायला बसले.