दहापैकी नऊ

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, आयुष्यभर दंतमंजनाच्या कंपनीत जाहिराती लिहीत होते. ‘दहापैकी नऊ डॉक्टर हेच मंजन वापरतात’ हे वाक्य त्यांचं. ते कसं जुळवलं, हे जेवायला बसलं की रंगवून सांगतात. आधी डॉक्टरांना फुकट डबे वाटायचे, मग कोणतं मंजन वापरता म्हणून विचारायचं. नऊजण ‘हेच’ म्हणेपर्यंत नवे दहाजण शोधत राहायचं. वर हसून म्हणतात, लोकांना कारण नको असतं, सोबत हवी असते. लबाडीचा इतका टवटवीत अभिमान मी दुसऱ्या कोणाच्या तोंडावर पाहिलेला नाही. इमारतीतल्या बायका त्यांना माघारी ‘दहापैकी नऊ’ म्हणतात. मीही म्हणते. जिभेवर ताबा दे असं देवाकडे रोज मागते, पण रोज लिहिते त्या या वहीत जसं आहे तसंच उतरतं. देवाला खोटं चालत नाही, एवढं मला माहीत आहे.

निवृत्त झाल्यावर माणसं झाडांना पाणी घालतात, नातवंडांना फिरवतात. भावोजी आमच्या इमारतीचे सेक्रेटरी झाले. जिन्याजवळचा फळा हातात आला आणि गड्याला पुन्हा कंपनी मिळाल्यासारखं झालं. ‘पाणी जपून वापरा’ एवढंच लिहायचं, तर हे लिहिणार, ‘जबाबदार कुटुंबं पाणी जपून वापरतात. आपण?’ घरातही तीच तऱ्हा. चहा फिका झालाय असं सरळ म्हणणार नाहीत, बहुतेकांना इतका फिका चहा आवडत नाही म्हणणार. वन्संनी एकदा विचारलं, त्या बहुतेकांना कधी बोलवताय, म्हणजे त्यांच्यासाठी वेगळं आधण ठेवते.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मग त्यांनी इस्त्रीवाल्याला धरलं.

इस्त्रीवाला पूर्वी रस्त्याच्या कोपऱ्यावर बसायचा. वर्षभरापूर्वी आम्हीच त्याला जिन्याखाली जागा दिली. त्याचा एकच नियम आहे. कपड्यांचे गठ्ठे भिंतीला लागून रांगेत ठेवायचे आणि ज्याचा गठ्ठा आधी आला त्याची इस्त्री आधी करायची. भावोजी एका सकाळी शर्ट घेऊन खाली गेले आणि हा आधी कर म्हणाले. त्याने मान वर न करता सांगितलं, साहेब, रांगेत ठेवा, पुढे बाईंचे कपडे आहेत. बाई म्हणजे तळमजल्यावरच्या शाळामास्तरीण. एका शर्टासाठी माणूस किती खाली उतरतो, ते त्यानंतर फळ्यावर दिसायला लागलं.

पहिल्यांदा आलं, ‘आपल्या जिन्याखाली कोण बसतं, हे आपल्याला खरंच माहीत आहे का?’ अहो, माहीत आहे की. कोणाच्या पँटची शिवण उसवली आहे हे घरच्यांच्या आधी त्याच्या बायकोला कळतं. मग आलं, ‘गेल्या वर्षापासून इमारतीतून चपला-बूट नाहीसे होत आहेत. योगायोग?’ त्यानंतर कोळशाच्या इस्त्रीविषयी अग्निशमन क्षेत्रातल्या जाणकाराचं मत आलं. हा जाणकार म्हणजे भावोजींचा भाचा. अग्निशमन खात्यात नोकरीसाठी त्याने एकदा अर्ज केला होता, आणि तो खात्याने परत पाठवला होता. शेवटी हुकमाचा पत्ता पडला, ‘दहापैकी नऊ कुटुंबांना बदल हवा आहे.’

मी आमच्या मजल्यावर दारोदार विचारलं. कोणालाच कोणी काही विचारलं नव्हतं. पण प्रत्येकीचं उत्तर ठरलेलं, आम्हाला नाही विचारलं, बाकीच्यांना विचारलं असेल. शिकलीसवरली माणसं! भावोजींना हसणारीच मंडळी दाराबाहेरच्या चपला उचलून घरात ठेवायला लागली.

इस्त्रीवाल्याची बायको माझ्या दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाली, “ताई, महिनाअखेर उठायचं म्हणतात. कोपऱ्यावर आता टपरी झालीय. परत जायला जागाच राहिली नाही.”

रविवारी गाड्या लावायच्या जागेत खुर्च्या मांडून सभा भरली. इस्त्रीवाला खांबाआड उभा होता. भावोजी उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, “आपल्या मुलाबाळांची सुरक्षितता ज्यांना नको आहे, त्यांनी हात वर करावेत.”

आता यावर कोण हात वर करणार?

“म्हणजे एकमत झालं. इस्त्रीवाल्याने महिनाअखेर जागा सोडावी.”

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि उठले.

“भावोजी, एक विचारू?”

“विचारा की वहिनी.”

“तुमचे नवे बूट गेले, त्या दिवशी तुमच्या शर्टाला इस्त्री होती का?”

आधी कोणाला कळलंच नाही. मग मागून कोणीतरी फिसकन हसलं. तो दिवस इमारतीत कोण विसरेल? भावोजींना जुन्या सहकाऱ्यांच्या मेळाव्याला जायचं होतं. इस्त्रीवाला आईच्या आजारपणामुळे बायकोसह महिनाभर गावी गेला होता. जिन्यात उभं राहून हे एका दमात दोन्ही गोष्टींवर ओरडत होते, शर्टाला इस्त्री नाही आणि बूट जागेवर नाहीत. शेवटी चुरगळलेल्या शर्टात, जावयाच्या चपला घालून गेले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर वर लिहिलं होतं की इस्त्रीवाला गावी गेल्याने रहिवाशांची गैरसोय होत आहे, आणि खाली बूटचोरीचा निषेध. अक्षर एकाच हाताचं. दुसऱ्यांना वाचायला लावणारा हा माणूस स्वतःचं लिहिलेलं मात्र वाचत नाही.

भावोजी म्हणाले, मुद्दा बुटांचा नाहीच, शिस्तीचा आहे. मग बूट फळ्यावर कशाला आले, असं बाईंनी विचारलं. तेव्हा ते माझ्याकडे वळले. वहिनींचे इस्त्रीवाल्याशी काय लागेबांधे आहेत, तेही सभेला कळलं पाहिजे म्हणाले.

वन्सं बसल्या जागेवरून म्हणाल्या, “ती माझी भावजय आहे. लागेबांधे आहेत ते तुमच्याशीच.”

हसू ओसरल्यावर बाईंनी सरळ विचारलं, इस्त्रीवाल्याला उठवावं असं कोणाकोणाला वाटतं? भावोजींचा हात वर गेला. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या होयबाचा हात कानापर्यंत गेला, त्याने आजूबाजूला पाहिलं आणि कान खाजवला.

इस्त्रीवाला राहिला. मला आनंद झाला, पण त्या सभेचं कौतुक मात्र वाटलं नाही. हसू आलं म्हणून यांचे हात खाली राहिले. भीती वाटली असती तर तेच हात वर गेले असते.

आज सकाळी कपडे द्यायला खाली गेले तर फळा पुसून नव्याने लिहिला होता, ‘सेक्रेटरींच्या पुढाकाराने इस्त्रीसेवा कायम. समाधानी कुटुंबं आभारी आहेत.’ मी वाचतच राहिले. इस्त्रीवाल्याची बायको जवळ येऊन हळूच म्हणाली, “ताई, साहेबांनीच जागा वाचवली म्हणे. उगाच वाईट समजलो त्यांना.”

“तुला कोणी सांगितलं?”

“सगळेच म्हणतायत.”

तेवढ्यात भावोजी उतरले. आपला गठ्ठा त्यांनी रांगेत सर्वांत पुढे ठेवला आणि आभार स्वीकारायला उभे राहावं तसे उभे राहिले. इस्त्रीवाल्याने हातातली बाही पुरी केली, इस्त्री उभी ठेवली, तो गठ्ठा उचलला आणि माझ्या गठ्ठ्याच्या मागे नेऊन ठेवला.