खालचं कोमट पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — आप्पांनाही नाही. आप्पा तर अजून जांबोटीच्या स्टँडवर नवख्या माणसाला थांबवून सांगतात, "आमची पोरगी समुद्राची मास्तरीण हाय!" डोंगरातल्या भातशेतीतली मुलगी समुद्रविज्ञान शिकली, आता शिकवते — अभिमान का वाटू नये? मला तर भलताच वाटतो. आणि खोटं बोलले तेही त्याच तोऱ्यात.

बेळगावात बी.एस्सी. करून मी आणि नंदगडची रेखा कारवारला पुढे शिकायला गेलो. वर्गात बाकी सगळी किनाऱ्यावरची मुलं. "घाटातल्या बसमध्ये वाढलेय मी, मला होडी काय लागणार!" असं मी मिजाशीत सांगून ठेवलेलं. आणि लागली!

परतीच्या पावसानंतर आम्हाला होडीने नदीच्या मुखाशी नेलं होतं. आळीपाळीने दोरीला बांधलेली बाटली खाली सोडायची, तळाजवळचं पाणी वर आणायचं, तापमान मोजायचं. ज्याचं काम चोख त्याला मोठ्या जहाजावर मोहिमेला जायला मिळणार — एकालाच.

पहिला नंबर माझा, आणि मला होडी लागलेली. सगळ्यांसमोर ओकायचं? मी? बाटली नुसती वरच्यावर बुचकळली आणि — आकडा ठोकून दिला. पुस्तकाप्रमाणे. खालचं पाणी थंड.

मग रेखाने बाटली वर काढली. "न्हाय गं, खालचं कोमट हाय!" बरोबर होतं तिचं. पावसाचं गार, गोडं पाणी हलकं, ते वर राहतं. उबदार खारं पाणी त्याच्याखाली. पण माझ्या आकड्याशी जुळेना. सर नवे होते. म्हणाले, हातानेच बाटली गरम केलीस. वारा वाढला, बाकीच्यांनी मोजायच्या आतच होडी परत वळली. रेखा माझ्याकडे बघत होती — मी किनाऱ्याकडे.

जहाजावर मी गेले. तिथल्या कामाच्या जोरावरच ही नोकरी. तिथे एकदाही खोटा आकडा दिला नाही, हे मी आजही छाती ठोकून सांगते. ते कोमट पाणी दरवर्षी वर्गात रंगवून शिकवते. रेखाचं नाव कधी घेतलं?

तिने समुद्र सोडला. नंदगडच्या जत्रेला मला बोलावते, कौतुकाने मुलांना माझ्यासमोर उभं करते. गेल्या खेपेला हसत म्हणाली, "त्या दिशी माझा हातच गरम व्हता गं."

आणि मी म्हणाले, "व्हतंय गं आसं कधी कधी."