विशाखाचा उजवा खांदा

कस्तुराच्या अंगाला लहानपणी नवं कापड असं कधी लागलंच नव्हतं. देहूच्या अलीकडच्या एका खेड्यात, गावकुसाबाहेर तिचं माहेर. तिची आई गावातल्या घरांतून जुनेर मागून आणायची. कुणाच्या मुलीचं उसवलेलं पोलकं, कुणाच्या सुनेचा विरलेला परकर. एकदा वर्गातली एक मुलगी सगळ्यांदेखत तिच्या पोलक्याची बाही धरून म्हणाली, "हे माझं आहे. बघा, हा शाईचा डाग माझ्याच हातचा." कस्तुरा घरी आली ती परत शाळेकडे फिरकली नाही.

बासष्ट साली लग्न होऊन ती पिंपरीला आली. नवरा कोंडीराम नव्याने निघालेल्या एका कंपनीत कामाला होता. गावठाणामागच्या चाळीत खोली होती आणि शेजारी ताजुन्निसा राहायची. तिचा नवरा बरकत मोटारी दुरुस्त करायचा आणि ही घरात मशीनवर बायकांचे कपडे शिवायची. कस्तुरा दुपारची तिच्या दारात जाऊन बसे आणि कात्री कापडातून कशी सरकते ते बघत राही. शेवटी ताजुन्निसाच म्हणाली, "नुसती बघती काय? ये, बैस. पायडल मार."

दोन वर्षांनी विशाखा झाली. बारशाला पाळण्यात घातली तेव्हा तिच्या अंगावर जे पिवळं झबलं होतं ते कस्तुराने स्वतः शिवलेलं होतं, नव्याकोऱ्या कापडाचं. नवऱ्याला ती म्हणाली, "माझ्या लेकीच्या अंगाला दुसऱ्याचं उतरलेलं कापड लागायचं न्हाई. सांगून ठेवते."

आणि तिने ते पाळलं. ताजुन्निसाने नवीन मशीन घेतल्यावर जुनं कस्तुराच्या घरी आलं. पिंपरी कॅम्पातल्या सिंधी दुकानदारांकडून ती कटपीस निवडून आणी. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला पांढराशुभ्र झालरीचा फ्रॉक, दिवाळीला परकर-पोलकं, थंडीत आतून फ्लॅनेल लावलेलं जाकीट. पोर वाढत होती तसतसा कस्तुरा फ्रॉकचा आत दुमडून ठेवलेला काठ उसवून खाली सोडत जाई. चाळीतल्या बायका म्हणायच्या, "कस्तुरा, पोरीला पार बाहुली करून टाकलीस." शाळेच्या गॅदरिंगला तर तिच्या हौसेला ऊत यायचा. विशाखा एका वर्षी फुलपाखरू झाली, एका वर्षी कोळीण, एका वर्षी मक्याचं कणीस. त्या कणसाच्या सालीसाठी कस्तुराने तीन छटांचं हिरवं सॅटिन जोडलं होतं आणि ते बघायला शेजारच्या वर्गातल्या मुली आत घुसल्या होत्या.

विशाखा सहावीत असताना शाळेतल्या शालनबाईंनी मोराचा नाच बसवला. विशाखा मधला मोर. कस्तुराने पिसाऱ्याला चमकी लावली, डोळे रंगवले, दोन्ही खांद्यांवरून उतरणारे पंख बेतले. घरात घालून बघितलं तर उजवा पंख वर आणि डावा खाली.

"सरळ उभी ऱ्हा गं."

"सरळच उभी आहे, आई."

कस्तुराला वाटलं, कापताना चुकलं. तिने पंख उसवले, मोजून पुन्हा लावले. पुन्हा तेच. मग तिने पोरीला बनियनवर उभं केलं, मागे गेली, पाठीवरून हात फिरवला. उजवा खांदा डाव्यापेक्षा वर होता. त्या बाजूचं खांद्याचं फरं थोडं बाहेर आलं होतं आणि पाठीचा कणा बोटाखाली सरळ जात नव्हता, वळून परत येत होता.

तिच्या डोळ्यांपुढे तानुआत्या आली. वडिलांची बहीण. पाठीत कुबड म्हणून लग्न झालं नाही. जन्मभर गोठ्याशेजारच्या खोपटात राहिली. सारं गाव तिला कुबडी म्हणे. तिची तिरडी निघाली तेव्हाही एक म्हातारा विचारत होता, "कोण गेलं? कुबडी का?"

"आई, काय झालं?" विशाखाने मान वळवून विचारलं.

"काय न्हाई. तू पुढं बघ."

कस्तुराने कापसाची एक छोटी गादी केली आणि डाव्या खांद्याच्या आत टाचली. पंख एका रेषेत आले. गॅदरिंगच्या दिवशी मधला मोर डौलात नाचला. टाळ्या पडत होत्या आणि कस्तुराचं लक्ष फक्त त्या दोन खांद्यांवर होतं.

तेव्हापासून विशाखाच्या प्रत्येक कपड्यात डावीकडे गादी आली. युनिफॉर्मच्या बाह्यांना चुण्या आल्या, पाठीवर आडवी झालर आली. उजवीकडचं कापड कस्तुरा थोडं सैल कापी, म्हणजे फरं वर उठून दिसू नये. पोरीने विचारलं तर म्हणे, "फॅशन हाय." पोरीला ते पटायचं, कारण मैत्रिणीही तिच्या चुण्यांच्या बाह्या मागायच्या. कधी ती म्हणायची, "आई, पाठ दुखते." कस्तुरा खोबरेल तेल कोमट करून चोळून द्यायची. चोळताना डोळे मिटून घ्यायची.

नवऱ्याला तिने सांगितलं नाही. तो पाळीवरून येई, जेवे, झोपे. ओव्हरटाइम असला तर पोरीची आणि त्याची भेटही होत नसे.

ताजुन्निसाला मात्र काही सांगावं लागलं नाही. तीही शिवणारी बाई. एकदा दोरीवर वाळत घातलेला फ्रॉक तिने हातात घेतला, आतली गादी चाचपली आणि तडक घरात आली.

"कस्तुरा, पोरीला डॉक्टरला दाखव."

"कशाला? वाढतं अंग हाय. व्हईल सरळ."

"कापड सरळ व्हतंय, हाड व्हत न्हाई. माझ्या मुमताजला असतं तर मी आजच्या आज पुण्याला गेले असते."

"तुमच्या मुमताजला न्हाई ना? मग गप ऱ्हावा, भाभी. चार लोकांत बोललात तर माझी पोर नासली म्हणून समजा. कोण करंल तिला?"

 ताजुन्निसा फ्रॉकची घडी घालून पलंगावर ठेवून गेली. त्यानंतर कस्तुराने तिच्या दारात बसणं सोडलं. पुढे संत तुकाराम नगरात दुसऱ्या मजल्यावर घर मिळालं आणि चाळच सुटली. जाताना कस्तुराला वाटलं होतं, बरं झालं, तिथं कुणाला काही ठाऊक नाही.

विशाखा आठवीत असताना शाळेत डॉक्टर मुलांना तपासायला येणार होते. शालनबाईंनी आदल्या दिवशी निरोप दिला. सकाळी विशाखा वेणी घालून तयार झाली तर कस्तुराने तिच्या कपाळाला हात लावला. "अंग तापलंय तुझं. आज जायचं न्हाई."

"कुठे तापलंय? मला काही होत नाहीये."

"मी आई हाय ना? मला कळतंय. झोप."

पोर दिवसभर पांघरुणात पडून राहिली. कस्तुराने तिला साखर घालून दूधभात भरवला आणि समोर बसून तिच्यासाठी नव्या कापडाचं पोलकं बेतलं.

दहावीच्या वर्षी एका संध्याकाळी कोंडीरामला कामावरून येताना जिन्यात विशाखा दिसली. पिशवी खाली ठेवून ती कठड्याला टेकली होती आणि तोंडाने श्वास घेत होती. पहिल्याच मजल्यावर.

"काय गं, पळत आलीस काय?"

"नाही, बाबा. हल्ली असंच होतं."

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली आणि पोरीला कंपनीच्या दवाखान्यात नेलं. कस्तुरा म्हणत राहिली, अभ्यासाने होतंय, रक्त कमी असेल. त्याने ऐकलं नाही. तिथल्या डॉक्टरने नळी पाठीला लावली, थांबला, नर्सला बोलावून पोलकं काढायला सांगितलं आणि लगेच पुण्याच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली.

पुण्याला तिघंही गेली. फोटो काढले. हाडांचे डॉक्टर वयस्कर होते, शांत बोलणारे. तपासायच्या आधी त्यांनी विशाखाला पाठमोरी उभी केली होती, आणि तपासून झाल्यावर खुर्चीवर काढून ठेवलेलं तिचं पोलकं उचलून उलटसुलट केलं.

"हे घातलेलं असताना मलासुद्धा काही दिसलं नाही. कुणी शिवलंय?"

"मीच," कस्तुरा म्हणाली. तिच्या कपड्यांबद्दल कुणी विचारलं की तोंडातून जसं फुशारकीने निघायचं तसंच ते निघालं. आणि मग तिने डॉक्टरांचा चेहरा बघितला.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. किती वर्षं?"

कस्तुराने पोलकं त्यांच्या हातातून घेतलं आणि पडद्याआड विशाखाला दिलं.

"बाई, अकराव्या-बाराव्या वर्षी आणली असती तर पट्टा लावून तिथल्या तिथे थांबवता आलं असतं. वाढ चालू असते तेव्हाच त्याचा उपयोग. आता हाडं धरली. पाठ फिरून छातीला दाब आलाय. ऑपरेशन आहे, पण त्यात पाय जायची भीती आहे. मी तुम्हाला करा असं म्हणणार नाही."

पडद्यामागे विशाखा कपडे घालत होती. कपड्यांची सळसळ मध्येच थांबलेली कस्तुराला ऐकू आली.

परतीच्या बसमध्ये कोंडीराम पुढच्या बाकावर एकटा बसला.  दापोडीचा पूल ओलांडल्यावर विशाखाने खिडकीकडे बघतच विचारलं, "कधीपासून माहीत होतं तुला?"

"मोराच्या वक्ताला."

"आणि तो ताप?"

कस्तुराने पदर तोंडात धरला.  घरी आल्यावर कोंडीराम बाहेरच्या खोलीत बूट न काढता बसून राहिला. "मला सांगायचं तरी," एवढंच तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "मी तरी कुठं बघितलं." आणि ओंजळीत तोंड घेऊन रडायला लागला. कस्तुराने त्याला कधी रडताना बघितलं नव्हतं. तिला स्वतःला मात्र त्या दिवशी रडू आलं नाही.

विशाखाने आईने शिवलेले कपडे घालणं बंद केलं. भांडली नाही. कॅम्पातून दोन तयार पंजाबी ड्रेस आणले आणि तेच आलटून पालटून घालू लागली. दुकानातलं कापड तिच्या अंगावर वाकडं बसायचं. गळा एकीकडे ओढला जायचा, पाठीवर उजवीकडे फुगा यायचा. ती तशीच बाजारात जायची, तशीच नळावर उभी राहायची. इमारतीतल्या बायका कस्तुराला गाठून विचारायच्या, "अगंबाई, हे कधी झालं? पोर तर चांगली होती." कस्तुरा पाणी सांडत घरात पळायची.

दहावी झाली, बालवाडीचा कोर्स झाला. चाकणच्या एका संस्थेत बालवाडीची जागा निघाली आणि विशाखाला मुलाखतीला बोलावलं. त्या सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा तिचा ड्रेस खुंटीवर होता. कस्तुरा त्याच्याकडे बघत उभी राहिली. चार परकी माणसं समोर बसणार, पोरीला खालीवर न्याहाळणार. तिला राहवलं नाही. हाताने भराभर टाके घालून तिने डाव्या खांद्यात गादी बसवली.

विशाखाने ड्रेस अंगात घातला आणि तिचा हात खांद्यावर गेला. तिने कस्तुराकडे बघितलं. मग आत बोटं घालून गादी ओढली, तशी खांद्याची शिवणही फाटली.

"अगं, तुझ्या भल्यासाठीच..."

"आई, तू मला मुळात बघितलंसच नाहीस कधी. तुला पोर नव्हती हवी, तुला चांगली दिसणारी पोर हवी होती." ती ओरडत नव्हती. तिचा श्वास पुरत नव्हता, म्हणून थांबून थांबून बोलत होती. "कुबड मला दैवाने दिलं. हे श्वास लागणं तू दिलंस."

फाटलेल्या शिवणीला सेफ्टी पिन लावून ती मुलाखतीला गेली. नोकरी मिळाली. रोज जाऊन येऊन करणं छातीला झेपणार नाही, असं बापाला सांगून ती चाकणलाच खोली घेऊन राहिली. महिन्या-दोन महिन्यांनी यायची, बापाशी बोलायची, आईच्या हातचं जेवायची, आणि मुक्काम न करता जायची.

कस्तुराला पुष्कळदा वाटायचं की जाऊन पाय धरावेत. शेवटी एका रविवारी ती एकटीच चाकणच्या एसटीत बसली. खोली सापडायला वेळ लागला नाही. बालवाडीच्या बाई म्हटल्यावर एका मुलीने थेट दारात आणून सोडलं.

विशाखाने दार उघडलं. ती साडीत होती. निळ्या साडीवर निळाच ब्लाउज. कस्तुराची नजर आधी तिथेच गेली. ब्लाउजला गादी नव्हती, चुणी नव्हती. उजवी बाजू मुद्दाम लांब कापलेली होती, पाठीचा तुकडा वाकाबरोबर वळवून जोडला होता, आणि कापड कुठेही ओढलं जात नव्हतं. खांदा वर होता तो वरच दिसत होता. आणि तरी ब्लाउज अंगाला असा बसला होता की पोर त्यात मोकळी दिसत होती.

"कुणी शिवला?" कस्तुराने विचारलं.

"इथले लालमहंमद म्हणून टेलर आहेत. म्हातारे आहेत. म्हणाले, पोरी, जशी आहेस तशी उभी राहा, मी माप घेतो."

कस्तुरा चटईवर बसली.  विशाखाने चहा केला, पोहे केले, पाहुण्याला विचारावं तसं आणखी हवेत का विचारलं. मुलांच्या गोष्टी सांगितल्या. कोण रडतं, कोण खडू खातं. उन्हं उतरायला लागली तशी ती म्हणाली, "चल, तुला स्टँडवर सोडते. पाचची चुकली तर खूप वेळ गाडी नाही."

स्टँडवर कांद्याची पोती पडली होती, त्यांच्यामधून वाट काढत दोघी चालल्या. विशाखा मध्ये थांबून दम खायची. कस्तुरा तिच्यासोबत थांबायची. एकदा तिने आधाराला हात पुढे केला, पण पोरीने तो बघितला नसावा.

गाडी लागली. कस्तुरा खिडकीशी बसली. "विशाखा, मला..." ती म्हणू लागली.

विशाखाने खिडकीच्या गजावर हात ठेवला, क्षणभरच. "माहीत आहे, आई. बोलू नकोस. मला अजून ऐकायला जमणार नाही."

गाडी हलली तेव्हा ती वळून चालायला लागली होती. कस्तुराने मान काढून मागे बघितलं. गर्दीतून तो उजवा खांदा वर दिसत होता, आणि तेवढ्यावरून ती लेकीला लांबपर्यंत ओळखू शकली.