शिशाची गोळी अन् कपाटाची किल्ली

रायफलच्या ग्रुपवाल्यांनो, आज सकाळी बाबांनी मला एका प्रश्नात अडकवलं.

जुन्या रायफलसाठी मी घरीच शिशाच्या गोळ्या ओतल्या. या गोळीला बारूद किती भरायची, हे कुठल्याच तक्त्यात छापलेलं नाही. म्हणून मित्र त्याच्या रायफलसाठी जेवढी बारूद भरतो, तो आकडा घेऊन काडतुसं भरायला बसलो.

बाबा आधी फॅक्टरीत दारूगोळ्याची चाचणी घ्यायचे. म्हणाले, "काय करून राहिला? त्याची नळी अन् तुझी एकच आहे काय? फाटली तर डोळा जाईल."

"कमी बारूदीपासून सुरू करून थोडी थोडी वाढवतो ना, बाबा."

"अच्छा. अन् काय दिसलं की थांबशील?"

मी पुन्हा तक्ते चाळायला लागलो. बाबांनी बारूदीचा डबा कपाटात ठेवला अन् किल्ली खिशात घातली.

संध्याकाळ झाली, मी अजून विचारच करून राहिलो. बारूद वाढवताना तुम्ही काय पाहून थांबता, सांगा. आकडा मात्र कोणी पाठवू नका.