सवलत नको म्हणणारी रंगारीण

आमची आत्या कापड रंगवते. हात कोपरापर्यंत कायम निळे आणि कानाशी रेडिओ. हंड्यात कापड ढवळता ढवळता ती सभागृहाचं कामकाज ऐकते, वर आमदारांना उत्तरंही देते. “अध्यक्ष खाली बसा म्हणतायत ना? बसा की हो! गुडघे धरलेत का?”

एक दिवस तिचं ढवळणं थांबलं. नवं विधेयक येत होतं. छोट्या रंगाऱ्यांनी रंगाचं पाणी टाकीत साफ न करता थेट ओढ्यात सोडलं तरी चालणार होतं. गल्लीतल्या रंगाऱ्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आतोबाही खूश. “सुटलो! टाकीची कटकट गेली!”

पण तोच ओढा खाली आमच्या, म्हणजे आत्याच्या माहेरच्या विहिरीला लागून जातो. टाकीचा कायदा नव्हता तेव्हा त्या विहिरीला जांभळं पाणी यायचं.

आत्यानं आमदारांच्या कार्यालयात फोन लावला. तिथला मदतनीस नाकातून बोलतो. “नमस्काऽऽर ताई! रंगारी का? अभिनंदन! सवलत मिळणारच!”

“सवलत नको, हे सांगायला फोन केलाय.”

“हो हो, नोंद केली. रंगारी, पाठिंबा.”

“अहो, विरोध!”

“काय ताई, चेष्टा करता! रंगारी कशाला विरोध करतील? ठेवूऽऽ?” आणि ठेवलासुद्धा.

दोनच दिवसांत रेडिओवर आमदारसाहेब गरजले, “रंगारी बांधवांनी या विधेयकाला एकमुखानं पाठिंबा दिला आहे!”

आत्यानं ढवळायची काठी आपटली. “एकमुखानं? मग माझं मुख काय पाठीला आहे?”

“अगं, आपण टाकी चालू ठेवू की,” आतोबा म्हणाले. “त्याला कायदा कशाला हवा?”

“चार दिवस ठेवू. मग एखाद्या घाईच्या दिवशी मीच देईन सोडून. मी काय संत लागून गेलेय? अहो, मला माझाच भरवसा नाही, गल्लीचा कुठून देऊ?”



आत्या निळ्या हातांनीच कार्यालयात जाऊन बसली.

“साहेब बिझी आहेऽऽत,” मदतनीस म्हणाला.

“असू देत. मी रिकामी आहे.”

शेवटी साहेबच बाहेर आले. सगळं ऐकून म्हणाले, “ताई, यात नुकसान तुमचंच आहे.”

“विहीर माहेरची आहे, साहेब. माझा भाऊ तेच पाणी पितो.”

साहेबांनी जरा वेळ मान खाजवली. “मतदानाआधी समिती बसणार आहे. हेच तिथं बोलाल? तुमच्या गल्लीतले सगळे समोर असतील.”

आत्याच्या डोळ्यांपुढे गल्ली उभी राहिली. अडीनडीला ज्यांच्या दारात जायचं, तीच ही माणसं.

“बोलते,” ती म्हणाली. “पण मला सगळ्यात आधी उभं करा. एकेकाचा चेहरा बघत बसले, तर मग नाही जमायचं.”