स्नेहाच्या हातची जिरेनियमं

ऐन मे महिन्यात प्रभाकाकू स्वतः रद्दीच्या पेपरानं वारा घेत बसायची आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन गॅलरीतल्या कुंड्यांसमोर लावून ठेवायची. पनवेलजवळ सुकापुरात आम्ही नवीन राहायला गेलो तेव्हा मी हे पहिल्यांदा पाहिलं आणि शेजारीण जरा फिरलेली दिसते, असं मनात म्हटलं. ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. काकू म्हणाली, "हसू नको बाय. मला घाम आला तर पदरानं पुसीन. यांना पदर हाय का?"

कुंड्यांत जिरेनियमं होती, थंड हवेतली फुलझाडं. पनवेलच्या चिकट हवेत जिरेनियम लावायचं म्हणजे शुद्ध हट्ट. पण काकूची मुलगी स्नेहा पाचगणीच्या एका शाळेत शिकवायची आणि सुट्टीवर येताना दर वेळी नव्या जातीची एखादी फांदी कागदात गुंडाळून आणायची. झोनल, आयव्ही, सेंटेड, रीगल अशी नावंही सांगायची. काकूनं सगळ्यांचं नव्यानं बारसं केलं होतं. पानावर तपकिरी गोल उमटलेली ती 'कड्याची', कठड्यावरून लोंबणारी 'वेलाची', पान चुरगाळलं की गुलाबासारखा वास सोडणारी 'वासाची', आणि इथं आल्यापासून एक कळी न धरलेली ती 'रुसकी'. रुसकीला रोज बोलणी खावी लागत. "महारानी हाय ती! तिला थंडी पायजे. उलव्याच्या इमानात बसवून थंडीच्या गावाला धाडू का तिला?"

मग तापाचं निमित्त झालं आणि स्नेहा गेली. लग्न ठरायचं होतं तिचं. काकूचे यजमान आधीच वारलेले. त्या घरात आता काकू आणि त्या कुंड्या, एवढंच उरलं.

त्यानंतर एकदा वेलाची मलूल झाली. काकू तिच्यासमोरून हलेना. मी समजूत काढायला म्हटलं, "काकू, नर्सरीत याच रंगाची मिळते. दुसरी आणू आपण." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला पळून जावंसं वाटलं. मग शांतपणे म्हणाली, "बी लावला तर त्याचा पोर होतं. फांदी लावली तर तेच झाड पुढं जातं. स्नेहानं हात लावला ती हीच हाय, बाय. दुसरी कशी आनशील?"

म्हणून ती फांद्या लावत राहिली. हवा दमट व्हायला लागली की जुनं झाड कधी कुजेल याचा नेम नसे. त्याआधीच काकू फांद्या कापायची आणि देवघराजवळ सावलीत पसरून ठेवायची. लगेच का लावत नाहीस, असं विचारलं तर म्हणायची, "जखम सुकू दे आधी. ओली जखम मातीत घातली का सडते." पाण्याच्या बाबतीत तर महाकंजूष. मातीत बोट खुपसून बघायची आणि कोरडी लागली तरच घोटभर द्यायची. पाहुणे थट्टा करत. काकू कुणालाही जुमानत नसे.

एक दिवस ती मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. मी तेव्हा बहिणीच्या बाळंतपणासाठी नाशिकला होते. घर सांभाळायला चिरनेरहून तिची नणंद आली. तिला सगळे आक्का म्हणतात. स्ट्रेचरवरून नेताना काकू तिला एवढंच सांगू शकली, "आक्का, झाडांकडं बघ."

आक्कानं बघितलं. रोज आंघोळ करून तुळशीला पाणी घालायचं आणि त्याच ओलेत्यानं प्रत्येक जिरेनियमला तांब्याभर ओतायचं. गेलेल्या पोरीची झाडं तहानलेली ठेवायची, हे तिच्या मनाला पटणंच शक्य नव्हतं.

काकू वॉकर धरून घरी आली त्या दिवशी मी परतले होते. आक्का तिला थेट गॅलरीत घेऊन गेली. "बघ वैनी, एक दिस चुकले नाय. पन पाना कशी गळतात गो? उद्यापासून दोनदा घालू काय?" देठ मातीपासून काळे पडले होते. रुसकी तर मधूनच मोडून पडली होती. मी काकूकडे पाहायचं टाळलं. काकूनं आक्काचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बरा केलास गो. तू होतीस म्हनून." तिनं तसं म्हटलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. ती ओरडली असती तर मला सोसलं असतं.

आक्का चिरनेरला गेली त्याच दुपारी काकूनं सुरी मागितली. एकेक देठ डोळ्यांशी धरून ती कापत गेली, हिरवं कुठं लागतंय का बघत. आत सगळं तपकिरी. वासाचीच्या शेंड्याला थोडा हिरवेपणा होता. तो सुकवला, वाळूत लावला. पण आठवड्याभरात तोही मऊ पडला.

आक्काचा फोन रोज यायचा, काकू तो स्पीकरवर ठेवायची. पहिलाच प्रश्न, "झाडा कशी हायत?" काकू रिकाम्या कुंड्यांसमोर बसून सांगायची. कड्याचीला लाल गुच्छ आलाय. वेलाची खालच्या मजल्यापर्यंत पोचली. एकदा तर म्हणाली, "रुसकीला फूल आलं गो, जांभळं!" मी तोंड फिरवलं. पलीकडे आक्का आनंदानं रडत असल्याचं ऐकू येत होतं.

आणि एक दिवस आक्का म्हणाली, "वैनी, मला एक फांदी दे. माझ्या दारात लावीन. पोरीचा काय तरी माझ्याकडं पन ऱ्हाऊ दे."

"देईन गो," काकू म्हणाली. फोन ठेवला आणि माझं मनगट घट्ट धरलं. स्नेहा गेली तेव्हाही तिला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. "आता कुठनं देऊ, बाय? सांग ना, कुठनं देऊ?"

काकू त्यानंतर फार दिवस राहिली नाही. ती गेली तेव्हाही आक्का त्या फांदीची वाट बघत होती.